कोरोनाकाळातले हप्ते, नोटिसा आणि राहून गेलेले पैसे

टाळेबंदीला काही वर्षे लोटली, तरी त्या काळात शेतकऱ्यांच्या खात्यात आलेल्या आणि न आलेल्या पैशांबद्दलची पत्रे थांबलेली नाहीत. कुणाला वसुलीची नोटीस आली आहे, कुणाचा एक हप्ता कायमचा अडकला आहे, कुणाच्या घरातला कर्ता माणूस गेला आणि हप्ते मात्र त्याच्याच नावावर येत राहिले. बहुतेक पत्रांत एकच गोंधळ दिसतो: खात्यात आलेली रक्कम नेमकी कोणत्या योजनेची होती, हेच ठरलेले नसते. ते ठरले की कोणत्या कार्यालयात कोणता कागद द्यायचा, हे आपोआप कळते. म्हणून प्रत्येक उत्तरात आधी तेच पाहिले आहे.

एप्रिल २०२० मध्ये माझ्या खात्यात २,००० रुपये आले. ते कोरोनाची खास मदत म्हणून आले होते. मग पीएम किसानचा त्या चौमाहीचा हप्ता वेगळा यायला हवा होता ना? तो आता मिळेल का?
– वाचक, बार्शी

तो वेगळा हप्ता नव्हताच, त्यामुळे बाकी काही नाही. केंद्र सरकारने २६ मार्च २०२० रोजी १ लाख ७० हजार कोटी रुपयांचे प्रधानमंत्री गरीब कल्याण पॅकेज जाहीर केले. त्यात जमीनधारक शेतकऱ्यांसाठी जी तरतूद होती ती अशी: पीएम किसानचा २०२०-२१ चा पहिला हप्ता, जो एप्रिल ते जुलै या चार महिन्यांत कधीही दिला जातो, तो एप्रिलमध्येच द्यायचा. म्हणजे पैसा तोच, फक्त लवकर आला. घोषणा पॅकेजच्या नावाने झाल्यामुळे हजारो लोकांचा तुमच्यासारखाच समज झाला, आणि त्यात तुमची काही चूक नाही.

पासबुक उघडून २०२०-२१ या आर्थिक वर्षाच्या नोंदी पाहा. एप्रिलमध्ये एक, ऑगस्टमध्ये एक (वाटप ९ ऑगस्टला सुरू झाले) आणि डिसेंबरअखेर एक (२५ डिसेंबरपासून), असे २,००० चे तीन हप्ते दिसले तर वर्षाचे ६,००० पूर्ण झाले.

खरोखर वेगळे पैसे आले ते दुसऱ्या खात्यांत. महिलांच्या जनधन खात्यात एप्रिल, मे आणि जून २०२० असे तीन महिने ५०० रुपये, एकूण १,५००. राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रमातून निवृत्तिवेतन घेणाऱ्या वृद्ध, विधवा व दिव्यांगांना जादाचे १,०००, तेही दोन भागांत. त्यामुळे एकाच घरात पतीच्या खात्यात २,०००, पत्नीच्या जनधन खात्यात १,५०० आणि निवृत्तिवेतन घेणाऱ्या आईच्या खात्यात १,००० असे चित्र असू शकते. शेजारणीला ५०० आले आणि आपल्याला नाही, अशी तक्रार करणाऱ्या बऱ्याच भगिनींचे खाते साधे बचत खाते होते. पैसे फक्त जनधन योजनेत उघडलेल्या खात्यांनाच होते.

पीएम किसानचे आजवरचे सगळे पैसे परत भरा अशी नोटीस आली आहे. त्यात कोरोनातले हप्तेही धरले आहेत. कारण दिले आहे ‘आयकरदाता’. मी ट्रॅक्टरच्या कर्जासाठी दोन वर्षे रिटर्न भरले होते, पण कर एक रुपयाही भरलेला नाही. काय करावे?
– वाचक, तासगाव

रिटर्न भरणे आणि कर भरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमचा सगळा बचाव याच फरकावर उभा आहे. योजनेच्या नियमात अपात्रता आहे ती ‘मागील कर निर्धारण वर्षात आयकर भरलेल्या’ व्यक्तींची. शून्य कराचे रिटर्न भरणारा त्या व्याख्येत बसत नाही.

आधी वर्षांचा हिशेब नीट लावा, कारण बहुतेक अर्ज इथेच चुकतात. २०१८-१९ या आर्थिक वर्षात मिळवलेल्या उत्पन्नाचे कर निर्धारण वर्ष २०१९-२० असते. नोटिशीत कोणते वर्ष लिहिले आहे आणि ते आर्थिक वर्ष आहे की कर निर्धारण वर्ष, हे लिहिलेले नसेल तर पहिला अर्ज तेवढ्यापुरताच करा: ‘कोणत्या कर निर्धारण वर्षाच्या आधारे मला आयकरदाता ठरवले, आणि मागणीची रक्कम कोणत्या कोणत्या हप्त्यांची आहे, याचा हप्तानिहाय तक्ता द्यावा.’ नोटिशीत बहुधा एकच बेरीज असते. तक्ता हाती आल्याशिवाय पैसे भरू नका.

मग त्या वर्षाचे तीन कागद काढा. पहिला, आयकर पोर्टलवरून उतरवून घेतलेला पूर्ण रिटर्न. नुसती पोच चालणार नाही. दुसरा, उत्पन्न आणि कर यांची आकडेमोड दाखवणारे पान, ज्यावर निव्वळ देय कर शून्य दिसतो. तिसरा, फॉर्म २६एएस, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा. हा तिसरा कागद फार महत्त्वाचा आहे. बँकेने मुदतठेवीच्या व्याजावर किंवा एखाद्या कंपनीने कमिशनवर टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापला असेल, तर तुमच्या पॅनवर कर जमा दिसतो. तुम्ही नंतर तो परतावा म्हणून परत मिळवला, तरी वरवरच्या तपासणीत नाव आयकरदात्यांच्या यादीत येऊ शकते. परताव्याची बँक नोंद सोबत जोडा.

शून्य कर येण्याची कारणेही अर्जात लिहा. शेतीचे उत्पन्न त्या वर्षांना लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १०(१) खाली करमुक्त आहे. त्याखेरीज, आर्थिक वर्ष २०१९-२० साठी करपात्र उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर कलम ८७ए ची सूट मिळून कर शून्य होत असे. त्याआधीच्या वर्षी मात्र ही सूट ३.५ लाखांपर्यंतच होती आणि जास्तीत जास्त २,५०० रुपयांची. म्हणून दोन्ही वर्षे वेगवेगळी तपासा. एका वर्षी कर शून्य आणि दुसऱ्या वर्षी हजार रुपये, असे अनेकांचे निघते.

आता अवघड भाग. पात्रता कुटुंबावर पाहिली जाते, आणि कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अज्ञान मुले. तुमचा कर शून्य असला आणि पत्नी शिक्षिका असून कर भरत असेल, तर घर अपात्रच. सरकारी सेवेतला जोडीदार (वर्ग चारचे कर्मचारी वगळून), १०,००० किंवा त्याहून जास्त मासिक निवृत्तिवेतन, नोंदणीकृत डॉक्टर, वकील, अभियंता, सनदी लेखापाल असा व्यवसाय, ही कारणेही तशीच लागू होतात. यातले एखादे खरे असेल तर वाद वाढवू नये. सज्ञान मुलाने भरलेला कर मात्र आईवडिलांच्या आड येत नाही. तो वेगळ्या कुटुंबात गणला जातो.

एखाद्याच वर्षी कर भरला असेल तर? नियमातले शब्द ‘मागील कर निर्धारण वर्ष’ असे आहेत. त्यामुळे ज्या वर्षी कर शून्य होता त्यानंतरच्या हप्त्यांबद्दल म्हणणे मांडायला जागा आहे, असे आमचे मत आहे. निर्णय कार्यालयाचा, पण लेखी मांडल्याशिवाय तो तुमच्या बाजूने लागणार नाही.

अर्ज नोटीस ज्या कार्यालयाची आहे तिथे द्या, प्रत तालुका कृषी अधिकाऱ्यांना द्या, आणि दोन्हीकडे आवक क्रमांक व शिक्का घ्या. तोंडी सांगून आलो म्हणणाऱ्यांचीच नावे वसुलीच्या यादीत पुन्हा पुन्हा येतात.

पैसे भरायचेच ठरले तर पीएम किसान पोर्टलवर ऑनलाइन परताव्याची सोय आहे. तिथे दोन पर्याय येतात: ‘आधीच राज्याकडे भरले आहेत’ आणि ‘अजून भरलेले नाहीत, आता भरायचे आहेत’. तहसीलमध्ये रक्कम भरून आलेल्या माणसाने चुकून दुसरा पर्याय निवडला तर त्याच्याकडून दुसऱ्यांदा पैसे जातात. पावतीच्या मागे पीएम किसान नोंदणी क्रमांक लिहा आणि तिची झेरॉक्स काढून ठेवा. पावतीची शाई दोन वर्षांत उडून जाते.

एप्रिल २०२० चा हप्ता सोडून बाकी सगळे मिळाले. तो एकच कसा राहिला? इतक्या वर्षांनी मिळू शकतो का?
– वाचक, मेहकर

मिळू शकतो, पण कारण कोणते निघते त्यावर ते ठरेल. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे की ज्या चौमाहीत शेतकऱ्याचे नाव राज्याने पोर्टलवर चढवले, त्या चौमाहीपासून तो हक्कदार होतो. पुढे एखादा हप्ता अपात्रतेखेरीज अन्य कारणाने अडकला, तर अडचण दूर झाल्यावर थकलेले सगळे हप्ते देय राहतात.

पोर्टलवर लाभार्थी स्थिती उघडा. नोंदणीची तारीख जुलै २०२० नंतरची असेल तर तो हप्ता तुमचा नव्हताच, प्रश्न मिटला. तारीख आधीची असेल तर त्या हप्त्याच्या ओळीत काय लिहिले आहे ते शब्दशः उतरवून घ्या. पैशाचा प्रवास असा असतो: राज्य शासन मागणीवर सही करते, त्याला तिथे आरएफटी म्हणतात, मग केंद्राच्या पीएफएमएस प्रणालीत खाते तपासले जाते, मग निधी हस्तांतराचा आदेश निघतो, तो एफटीओ, आणि शेवटी बँक. ओळीत यूटीआर क्रमांक (बँकेचा व्यवहार क्रमांक) आणि जमा तारीख दिसत असेल तर पैसे कुठल्या तरी खात्यात गेलेले आहेत. खात्याचे शेवटचे आकडे जुळवून पाहा. घरातल्या जुन्या, विसरलेल्या खात्यात रक्कम पडून असते, असे फार वेळा निघते. त्या बँकेकडून एप्रिल २०२० चा उतारा मागा.

‘नाकारले’ असे दिसत असेल तर त्या काळची दोन कारणे जास्त संभवतात. १ डिसेंबर २०१९ पासून हप्त्यासाठी आधारशी जुळलेली माहिती सक्तीची झाली होती. पोर्टलवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, किंवा वडिलांच्या नावाऐवजी पतीचे नाव, एवढ्यावरही जुळणी फसत असे. दुसरे कारण बँकेचे: खाते बंद, निष्क्रिय किंवा आयएफएससी (बँक शाखेचा संकेतांक) चुकीचा. देना बँक बडोदा बँकेत, सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत, आंध्र आणि कॉर्पोरेशन बँका युनियन बँकेत विलीन झाल्यावर २०२१ मध्ये जुने आयएफएससी एकेक करून बंद झाले, म्हणून त्या वर्षीचे हप्तेही याच कारणाने परत गेले.

आताच्या व्यवस्थेत पैसा आधारवर जातो. म्हणजे पोर्टलवर कोणता खाते क्रमांक लिहिला आहे याला अर्थ उरत नाही. आधार शेवटी ज्या बँकेशी डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) जोडला, तिथे पैसे पडतात. कुणी गावात येऊन अंगठा घेत पेमेंट बँकेचे खाते उघडून दिले असेल तर हप्ता तिकडे वळलेला असू शकतो. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहिले की बँकेचे नाव कळते.

ई-केवायसी, भूमी अभिलेखाची जोडणी आणि बँक जोडणी या तिन्हींपुढे ‘होय’ दिसल्याशिवाय जुन्या थकबाकीचा अर्ज हलत नाही. ई-केवायसी मोबाइलवरच्या ओटीपीने, पीएम किसान अ‍ॅपवर चेहरा दाखवून किंवा सीएससी केंद्रात अंगठ्याने होते. भूमी अभिलेखापुढे ‘नाही’ असेल तर ताजा सातबारा, आठ-अ आणि आधारची प्रत तालुका कृषी कार्यालयात द्या. अर्जात चौमाहीचे नाव (एप्रिल ते जुलै २०२०), नोंदणी क्रमांक आणि पोर्टलवरचा नेमका शेरा लिहा. ‘माझा हप्ता आला नाही’ एवढ्याच ओळीच्या अर्जावर कुणालाच काही करता येत नाही. केंद्राची मदतवाहिनी १५५२६१ आहे.

एक कळकळीची सूचना. राहिलेला हप्ता मिळवून देतो म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी एपीके फाइल (फोनवर अ‍ॅप बसवणारी फाइल) उघडू नका. ती उघडली की फोनचा ताबा जातो आणि दोन हजारांपायी खाते रिकामे होते.

वडील मे २०२१ मध्ये कोरोनाने गेले. सातबारावर अजून त्यांचेच नाव आहे. हप्ते त्यांच्या खात्यात येत राहिले, आम्ही एटीएमने काढले. आता भीती वाटते.
– वाचक, सिन्नर

भीती बाळगू नका, पण उशीरही करू नका. मृत्यूनंतर जमा झालेले हप्ते परत करावे लागतात. मृत्यूची तारीख आणि हप्त्यांच्या तारखा शेजारी शेजारी लिहा. १४ मे २०२१ ला वितरण झालेला हप्ता मृत्यूच्या आधीचा की नंतरचा, हे दिवसावर ठरेल. त्यानंतरचे सगळे मोजा आणि मृत्यूच्या दाखल्यासह स्वतःहून कळवा. स्वतः कळवणाऱ्याशी कार्यालय वेगळ्या तऱ्हेने वागते.

लगेच वारस नोंदीचा अर्ज करा. मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे-वये-पत्ते असलेले शपथपत्र, सातबारा आणि आठ-अ लागतात. बहिणींची नावे वगळू नका. पुढे तीच नोंद अडते. फेरफार मंजूर होऊन सातबारावर नावे आली की प्रत्येक पात्र वारसाला स्वतंत्र नोंदणी करता येते. १ फेब्रुवारी २०१९ नंतर विकत घेतलेल्या जमिनीवर लाभ मिळत नाही, पण वारसाने आलेल्या जमिनीला ही तारीख आड येत नाही. नवीन नोंदणीसाठी आता शेतकरी ओळख क्रमांक लागतो, तो आधी काढून घ्या. लाभ नोंदणीच्या चौमाहीपासून सुरू होईल. मधल्या वर्षांचे हप्ते वारसाला मागता येत नाहीत, म्हणून फेरफार लांबवणे थेट नुकसानीचे आहे.

शेतीशी संबंध नसलेल्या दोन गोष्टी, पण तुमच्या पत्रात उल्लेख नाही म्हणून सांगतो. कोरोनाने मृत्यू झालेल्यांच्या वारसांना ५०,००० रुपयांचे सानुग्रह अनुदान होते. २० मार्च २०२२ पूर्वीच्या मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०२२ पासून ६० दिवसांची मुदत ठरवली होती. तेव्हा अर्ज केला असेल आणि तो प्रलंबित असेल, तर जिल्हा तक्रार निवारण समितीकडे पाठपुरावा करा. दुसरे, वडिलांच्या पासबुकात मे-जूनच्या सुमारास ३३० रुपयांची वार्षिक कपात दिसते का पाहा. त्या काळी ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याची असे, आणि त्यात कोणत्याही कारणाने झालेल्या मृत्यूला २ लाख रुपये आहेत. दावा उशिराचा असला तरी बँकेच्या शाखेत लेखी द्या आणि लेखी उत्तरच मागा. शेतकरी अपघात विमा मात्र आजाराच्या मृत्यूला लागू होत नाही.

ट्रॅक्टरच्या कर्जाचे हप्ते टाळेबंदीत सहा महिने थांबवले. नंतर कंपनीने ‘व्याजावर व्याज’ लावले. सरकारने ते परत दिल्याचे ऐकले, आम्हाला काही मिळाले नाही.
– वाचक, कन्नड

हप्ते थांबवणे ही माफी नव्हती. १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० या काळात हप्ता पुढे ढकलण्याची परवानगी रिझर्व्ह बँकेने दिली होती; व्याज चालूच होते.

केंद्राने ऑक्टोबर २०२० मध्ये चक्रवाढ आणि सरळ व्याजातला फरक देणारी योजना आणली. ती आठ प्रकारच्या कर्जांना होती: लघुउद्योग, शिक्षण, घर, वाहन वगैरे. पीक कर्ज आणि ट्रॅक्टर कर्ज त्यात नव्हते. शेतकऱ्यांना वगळणे आम्हाला तेव्हाही पटले नव्हते. पुढे २३ मार्च २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या सहा महिन्यांत कुणाकडूनही व्याजावर व्याज घेऊ नये असे ठरवले, आणि ७ एप्रिल २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने सर्व बँका व वित्त कंपन्यांना ते परत करण्यास किंवा कर्जात वळते करण्यास सांगितले. म्हणजे ट्रॅक्टर कर्जही त्यात आले.

रक्कम किती ते आधी समजून घ्या, म्हणजे अपेक्षा बेताची राहील. ४ लाख बाकी, १२ टक्के दर धरला तर सहा महिन्यांचे सरळ व्याज २४,००० आणि दरमहा चक्रवाढीने सुमारे २४,६०८. परतावा फरकाचा, म्हणजे ६०८ रुपयांच्या आसपास. कंपनीकडून मार्च २०२० पासून वर्षभरानंतरपर्यंतचा कर्ज उतारा मागा आणि एप्रिल २०२१ नंतर अशी जमा नोंद आहे का बघा. नसेल तर लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

पीक कर्जाचा मुद्दा निराळा आहे आणि रकमेने मोठाही. मार्च २०२० पासून परतफेडीला आलेल्या ३ लाखांपर्यंतच्या पीक कर्जांची मुदत व्याज सवलतीसाठी ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत वाढवली होती. तोवर भरणा केलेल्याला २ टक्के आणि ३ टक्के या दोन्ही केंद्रीय सवलती मिळून दर ४ टक्क्यांवर यायला हवा होता. उताऱ्यात त्या काळाला ७ टक्के लावलेले दिसले तर शाखेला लेखी विचारा. विकास सोसायटीमार्फत कर्ज असेल तर गटसचिवांकडून खाते उतारा घ्या, आणि दाद जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे मागा.

नियमित कर्जफेडीचे ५०,००० शेजाऱ्याला मिळाले, मला नाही. मी २०१९-२० चे कर्ज टाळेबंदीमुळे जुलै २०२० मध्ये फेडले. उशीर झाला म्हणून वगळले असेल का?
– वाचक, राहुरी

जुलैच्या भरण्याने वगळायला नको होते. ही महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेची प्रोत्साहनपर रक्कम. घोषणा मार्च २०२० च्या अर्थसंकल्पात झाली, कोरोनामुळे राज्याची तिजोरी आटली आणि शासन निर्णय निघाला तो २९ जुलै २०२२ रोजी. २०१७-१८, २०१८-१९ आणि २०१९-२० यांपैकी कोणत्याही दोन वर्षांचे अल्पमुदत पीक कर्ज मुदतीत फेडलेले हवे. पहिल्या दोन वर्षांना ३० जूनची तारीख होती, २०१९-२० साठी ती ३१ ऑगस्ट २०२० होती. म्हणून तुमची अडचण आधीच्या वर्षात शोधा. नुसत्या नव्याजुन्यात (जुने फेडून लगेच नवे घेत) कर्ज फिरवले आणि तारीख काही दिवसांनी हुकली, किंवा यादीत विशिष्ट क्रमांक आला पण आधार प्रमाणीकरण राहिले, ही नेहमीची कारणे. रक्कमही सरसकट ५०,००० नाही. घेतलेले मुद्दल कमी असेल तर तेवढेच. शेतीबाहेरच्या उत्पन्नावर आयकर भरणारे यातही नाहीत.

टाळेबंदीत झेंडू आणि शेवंती बांधावर टाकावी लागली. माझी थोडी जमीन चिकोडी तालुक्यात आहे. कर्नाटकात फुलांना मदत मिळाली, महाराष्ट्रात का नाही?
– वाचक, कागल

कर्नाटक सरकारने ६ मे २०२० रोजी फुलउत्पादकांना हेक्टरी २५,००० रुपये, जास्तीत जास्त एका हेक्टरपर्यंत, जाहीर केले. दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, तेच हेक्टरी १०,००० झाले. जमीन आणि पिकाची नोंद कर्नाटकातली असणे हा त्याचा आधार होता. महाराष्ट्रात फुलांना अशी हेक्टरी थेट मदत झाली नाही. पीक विम्यातूनही काही येत नाही, कारण विमा उत्पादनातली घट आणि हवामान पाहतो. बाजार बंद पडणे त्यात बसत नाही. ज्यांच्या खात्यात २०२० च्या दिवाळीच्या सुमारास हेक्टरी १०,००० किंवा फळबागेचे २५,००० या दराने पैसे आले, ती मदत अतिवृष्टीची होती, दोन हेक्टरच्या मर्यादेत. तो हिशेब कोरोनात मिसळू नका.

किसान रेल्वेने डाळिंब पाठवले. ५० टक्के भाडे सवलत खात्यात कधी जमा होणार होती?
– वाचक, सांगोला

ती खात्यात यायचीच नव्हती. पहिली किसान रेल्वे ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून दानापूरला गेली, आणि १४ ऑक्टोबर २०२० पासून फळे-भाजीपाल्याचे भाडे बुकिंगच्या वेळीच निम्मे आकारले जाऊ लागले. मालाच्या पावतीवर पाहा. एजंटाने माल एकत्र बुक केला असेल तर सवलत पावतीवर त्याच्या नावे गेली आणि तुम्हाला पूर्ण भाडे लावले गेले, असे झाले असण्याची शक्यता आहे. त्या दिवसाची पावती आणि एजंटाची पट्टी समोरासमोर ठेवून हिशेब मागा.

दुसऱ्याची पाच एकर बटईने करतो. मला काहीच का नाही?
– वाचक, केज

पीएम किसान जमिनीच्या मालकीवर चालते, कसणाऱ्याच्या नावावर नाही. बटईदाराला त्यात जागा नाही, आणि कोरोनातला लवकर आलेला हप्ताही म्हणूनच तुमच्यापर्यंत पोचला नाही. या योजनेतली ही सर्वांत मोठी उणीव आहे असे आम्हाला वाटते. टाळेबंदीत माल सडला तो कसणाऱ्याचा, दोन हजार आले ते मालकाला. पीक विम्यात मात्र भाडेपट्टी किंवा बटईचा करार नोंदणीकृत असेल तर तुमच्या नावाने भाग घेता येतो. करार हंगामाआधी करून घ्या.

माझा भाचा अमेरिकेत असतो. तिथल्या शेतकऱ्यांना कोरोनात लाखो रुपये मिळाले म्हणतो. तिथे हिशेब कसा केला?
– वाचक, पुणे

तिथे माणशी हप्ता नव्हता, पिकाच्या नुकसानीचा हिशेब होता. पहिल्या फेरीत अर्ज २६ मे ते ११ सप्टेंबर २०२० या काळात कृषी खात्याच्या फार्म सर्व्हिस एजन्सीकडे घेतले. मक्याचे उदाहरण घ्या. २०१९ च्या उत्पादनाचा निम्मा भाग आणि १५ जानेवारी २०२० ला भाव न ठरता पडून असलेला साठा, यांतला कमी आकडा धरायचा. त्याच्या निम्म्याला बुशेलमागे (बुशेल हे धान्याचे तिथले माप) ३२ सेंट आणि निम्म्याला ३५ सेंट. उत्पादन १०,००० बुशेल आणि पडून ४,००० असेल तर ४,००० धरले जाणार, आणि मदत ६४० अधिक ७०० म्हणजे १,३४० डॉलर. त्यातले ८० टक्के आधी, उरलेले नंतर. एका व्यक्तीला कमाल मर्यादा अडीच लाख डॉलरची.

यात अडचण झाली ती गावच्या बाजारात थेट भाजी विकणाऱ्या छोट्या शेतांची. ठरवलेले दर घाऊक बाजारातल्या घसरणीवर बेतलेले होते, आणि बऱ्याच भाज्या यादीतच नव्हत्या. सप्टेंबरच्या दुसऱ्या फेरीत भाजीपाला व फळांसाठी २०१९ च्या एकूण विक्रीवर टक्केवारी आली: ५०,००० डॉलरच्या आतल्या विक्रीवर १०.६ टक्के, वरच्या टप्प्यांवर थोडी कमी. वर्षाला ४०,००० डॉलरचा माल विकणाऱ्याला ४,२४० डॉलर. अर्जदाराने आकडे स्वतः लिहून द्यायचे आणि तपासणीत मागितल्यास विक्रीच्या वह्या दाखवायच्या. ज्यांनी हातविक्रीचीही रोजची वही ठेवली होती, त्यांचा अर्ज एका बैठकीत भरून झाला.

तुमच्या भाच्याचे ‘लाखो रुपये’ खोटे नाहीत, पण १,३४० डॉलर म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे एक लाख रुपये, आणि ते कित्येक एकर मक्यावरचे.